सुटकेची चिठ्ठी हातात, जमिनीचा कागद नाही : नोव्हा स्कोशियातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांची गोष्ट

१७८३ सालचं न्यूयॉर्क. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध पुकारलेलं युद्ध संपलं होतं. इंग्रज हरले होते आणि हे बंदर रिकामं करण्याची त्यांची धांदल चालली होती. फ्रॉन्सेस टॅव्हर्न नावाच्या खानावळीत दर बुधवारी सकाळी दहा ते दुपारी दोन एक समिती बसायची. तिच्यापुढे मळेवाले आणि त्यांची माणसं यायची. त्यांचं म्हणणं एकच : हा आमचा गुलाम, पळून आलाय, परत द्या. समोर तो पुरुष किंवा ती बाई उभी असायची, हातात एक चिठ्ठी घट्ट धरून. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं की ही व्यक्ती इंग्रजी सैन्याच्या आश्रयाला आलेली आहे आणि तिला नोव्हा स्कोशियाला किंवा मनाला येईल तिथे जाण्याची मुभा आहे. ही चिठ्ठी ब्रिगेडिअर जनरल सॅम्युएल बर्च यांच्या हुकमाने दिली जायची. ती खरी ठरली तर जहाज, नाही तर पुन्हा मळा.

त्या चिठ्ठ्या घेऊन जे लोक उत्तरेला गेले त्यांची, आणि त्यांच्यामागून आलेल्यांची ही गोष्ट. नोव्हा स्कोशिया म्हणजे आजच्या कॅनडाचा पूर्व किनाऱ्यावरचा प्रांत. तिथे कृष्णवर्णीयांची वस्ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे. कॅनडात गुलामगिरी नव्हतीच, पळून आलेल्यांना तिथे आसरा मिळाला, अशी एक समजूत आपल्याकडेही असते. ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी समजून घ्यायची तर जमीन कुणाच्या नावावर झाली आणि कुणाच्या नाही, हे बघावं लागतं. सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

सुरुवात एका जाहीरनाम्यापासून करू. ७ नोव्हेंबर १७७५ रोजी व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने हत्यार उचलतील ते स्वतंत्र होतील. नीट वाचा, ‘बंडखोरांचे’. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना ही सवलत नव्हती, आणि खुद्द डनमोरकडेही गुलाम होते. शत्रूच्या मळ्यांवरचे हात काढून घ्यायचे, हा साधा लष्करी हिशोब होता. तरी शेकडो लोक धावत आले. डनमोरने त्यांची ‘इथिओपियन रेजिमेंट’ उभी केली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा बळी लढाईपेक्षा देवीच्या साथीने घेतला. पुढे ३० जून १७७९ रोजी सरसेनापती हेन्री क्लिंटन याने फिलिप्सबर्गहून दुसरा जाहीरनामा काढला. आता हत्यार उचलायची अटही उरली नाही. बंडखोराचा गुलाम इंग्रजी छावणीत पोचला की त्याला संरक्षण. त्यामुळे बाया, लेकुरवाळ्या, म्हातारी माणसंसुद्धा निघाली. दलदली तुडवत, रात्री चालत, नदीकाठच्या होड्या पळवत ती छावण्यांपर्यंत पोचली.

आश्रय देणाऱ्यांची दानत कशी होती, याचा एक दाखला यॉर्कटाऊनचा आहे. १७८१ च्या वेढ्यात अन्न संपत आलं तेव्हा जनरल चार्ल्स कॉर्नवॉलिसने देवी आलेल्या कृष्णवर्णीय आश्रितांना आपल्या फळीबाहेर काढलं. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूशी तह झाला तेव्हा मराठे त्याच्या बाजूचे दोस्त होते. ज्या हॅलिफॅक्स शहराचं नाव पुढे वारंवार येणार आहे, ते १७४९ मध्ये वसवणारा एडवर्ड कॉर्नवॉलिस हा त्याचा सख्खा चुलता. साम्राज्य किती थोड्या घराण्यांच्या हाती होतं, हे अशा नात्यांवरून कळतं.

युद्ध संपताना तहाचा मसुदा झाला. त्याच्या सातव्या कलमात अमेरिकनांनी घालून घेतलं की इंग्रजांनी जाताना ‘निग्रो किंवा इतर मालमत्ता’ बरोबर नेऊ नये. मे १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन याच मागणीसाठी इंग्रज सेनापती गाय कार्लटनला भेटला. कार्लटनने नकार दिला. त्याचा मुद्दा असा : जे लोक तहाच्या आधी आमच्याकडे आले ते जाहीरनाम्यामुळे तेव्हाच स्वतंत्र झाले, म्हणजे तहावर सही होताना ते कुणाची मालमत्ता नव्हतेच. मालकांना पुढे भरपाई द्यायची वेळ आली तर हिशोब असावा म्हणून आम्ही जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवू.

ती नोंदवही म्हणजे ‘बुक ऑफ निग्रोज’. तिच्यात ३,००० नावं आहेत : १,३३६ पुरुष, ९१४ स्त्रिया, ७५० मुलं. नाव, वय, जुना मालक, कधी पळाला, कोणत्या जहाजाने चालला. शेजारी कारकुनाचा शेरा : ‘धट्टाकट्टा गडी’, ‘झिजलेली’. बैलबाजारातल्या पावतीसारखी ही भाषा वाचताना अंगावर काटा येतो. आणि तरीही, ज्यांची नावं एरवी कुठेच लिहिली गेली नसती त्यांची ती आज एका जागी सापडतात, तीही याच वहीमुळे. तिच्यात हॅरी वॉशिंग्टन आहे, वय ४३. जुना मालक : जनरल वॉशिंग्टन. जो माणूस स्वातंत्र्ययुद्ध लढत होता त्याच्याच माऊंट व्हर्नन मळ्यावरून १७७६ मध्ये हा हॅरी पळाला होता. डेबोरा स्क्वॉश आहे, वय २०, तीही त्याच मळ्यावरची. दोघंही जहाजाने पोर्ट रोझवेला, म्हणजे पुढे ज्याला शेलबर्न नाव पडलं त्या बंदराकडे गेली.

पोचल्यावर काय दिसलं

नोव्हा स्कोशिया ही रिकामी जागा नव्हती. ती मिगमॉ लोकांची भूमी. इंग्रजांनी त्यांच्याशी शांततेचे आणि मैत्रीचे करार केले होते, पण त्या करारांत मिगमॉ लोकांनी जमीन कधीच सोडून दिलेली नव्हती. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या फ्रेंच भाषक अकेडियन शेतकऱ्यांना हुसकावून लावलं होतं. म्हणजे जी जमीन आता इंग्रज सरकार वाटणार होतं ती आधीच दोनदा हिसकावलेली होती. कृष्णवर्णीय लोक तिथे गेले ते अशा जागी, आणि रांगेत शेवटी.

युद्धानंतर ३० हजारांवर राजनिष्ठ लोक या किनाऱ्यावर उतरले. त्यांतले साधारण ३,५०० स्वतंत्र कृष्णवर्णीय. यांना ‘ब्लॅक लॉयलिस्ट’ म्हणतात. शिवाय गोऱ्या राजनिष्ठांनी आपले हजाराहून जास्त गुलामही बरोबर आणले. कागदोपत्री त्यांना गुलाम म्हणायचं टाळून बरेचदा ‘नोकर’ लिहिलं जायचं. त्यामुळे एकाच रस्त्यावरून एक स्वतंत्र बाई आणि एक गुलाम बाई बरोबरीने चालली असेल, आणि परक्याला फरक ओळखता आला नसता. हा धोका केवढा होता हे पुढे येईलच.

शेलबर्न वर्षभरात दहा हजार वस्तीचं गाव झालं, त्या काळच्या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांपैकी एक. त्याच्या खाडीपलीकडे, ज्याच्या चिठ्ठ्या त्या बर्चच्या नावाने, बर्चटाऊन वसलं. १७८४ च्या गणनेत तिथे सुमारे १,५०० स्वतंत्र कृष्णवर्णीय होते. आफ्रिकेबाहेर स्वतंत्र कृष्णवर्णीयांची एवढी मोठी वसाहत तेव्हा दुसरी नव्हती, असं इतिहासकार सांगतात. गावाचा प्रमुख कर्नल स्टीफन ब्लक, बार्बाडोसचा, शिकलेला, पुढे शाळामास्तर. मोझेस विल्किन्सन नावाचे अंध मेथॉडिस्ट धर्मोपदेशक होते. बॉस्टन किंग नावाचा सुतार होता, ज्याने आपली हकिगत पुढे स्वतः लिहिली आणि ती १७९८ मध्ये लंडनच्या एका मेथॉडिस्ट मासिकात छापून आली.

पहिला हिवाळा लोकांनी खड्ड्यांत काढला. जमिनीत चौकोनी खड्डा खणायचा, वर ओंडक्यांचं आणि झाडाच्या सालींचं तिरकं छप्पर टाकायचं, आत चूल. कॅरोलायनाच्या उष्ण, दमट भातखाचरांतून आलेली माणसं अटलांटिकच्या बर्फात अशी राहिली.

आता जमीन. सरकारने कबूल केलं होतं जमीन, काही वर्षांचा शिधा आणि अवजारं. शिधा मिळाला तो अपुरा, आणि कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कामावर राबल्यावरच. जमिनीच्या वाटपाचा क्रम मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथे आहे. ज्याने युद्धात जास्त मालमत्ता गमावली त्याला आधी आणि जास्त जमीन, असं तत्त्व होतं. मग हुद्द्याप्रमाणे सैनिक. ऐकायला न्याय्य वाटतं. पण जो काल स्वतःच मालमत्ता होता त्याने काय गमावलं म्हणून दाखवायचं? तो आपोआप रांगेच्या टोकाला गेला. कोणी दुष्टपणे त्याचं नाव खोडायचीही गरज पडली नाही.

बर्चटाऊनमध्ये अखेर १८४ जणांनाच शेतजमीन मिळाली, तीही १७८७-८८ मध्ये, म्हणजे चार वर्षं वाट पाहून. सरासरी ३४ एकर. आपल्याकडे ३४ एकर म्हणजे मोठा बागायतदार, म्हणून हा आकडा फसवा आहे. तिथे ३४ एकर म्हणजे ग्रॅनाइटचे धोंडे, दलदल आणि सूचिपर्णी झाडांचं दाट जंगल. झाडं तोडून, मुळं उपटून, दगड वेचून चार-दोन एकर पिकाखाली यायला आयुष्य जायचं, आणि पीक घ्यायला जेमतेम चार-पाच महिने. इतर ठिकाणी तर एवढंही नाही. डिग्बीजवळच्या ब्रिंडलीटाऊनमध्ये लोकांना एकेक एकराचे तुकडे मिळाले. अपवाद लिट्ल ट्रॅकाडीचा. तिथे टॉमस ब्राऊनस्प्रिग्ज याच्या पुढाकाराने १७८७ मध्ये ७४ कुटुंबांच्या नावे ३,००० एकर झाले.

जमीन नाही म्हणजे दुसऱ्याकडे राबणं आलं. गरज इतकी होती की कृष्णवर्णीय मजूर गोऱ्याच्या मजुरीच्या चौथाईवर कामाला जायचे. मालकांना ते सोयीचं. बेकार झालेल्या गोऱ्या शिपायांना मात्र यात आपल्या पोटावर पाय दिसला. २६ जुलै १७८४ रोजी शेलबर्नमध्ये त्यांनी दंगल केली. स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वीसेक घरं पाडली. बाप्टिस्ट धर्मोपदेशक डेव्हिड जॉर्ज यांचं घरही त्यांत गेलं आणि ते जीव वाचवून बर्चटाऊनला पळाले. गावच्या मोजणीचं काम करणारा बेंजामिन मार्स्टन याने त्या दिवशी रोजनिशीत कारणही लिहून ठेवलं आहे : हे लोक कमी पैशांत काम करतात म्हणून शिपाई त्यांना हाकलू पाहताहेत. कॅनडातली ही पहिली वांशिक दंगल मानली जाते. कमी मजुरी देणारे मालक दंगलीत कुठेच नव्हते. भांडण लागलं ते ज्यांच्याकडे काहीच नव्हतं आणि ज्यांच्याकडे त्याहून कमी होतं, त्यांच्यात.

१७८९ च्या सुमाराला दुष्काळ पडला. बॉस्टन किंगने लिहिलंय की लोकांनी कपडे, पांघरुणं विकून पीठ घेतलं, आणि तेही संपलं तेव्हा कुत्री-मांजरं मारून खाल्ली. तो स्वतः पेट्या आणि होड्या बनवून कसाबसा तगला.

चिठ्ठीची किंमत

स्वातंत्र्य किती कच्चं होतं हे मेरी पोस्टेलच्या खटल्यावरून दिसतं. ती दक्षिण कॅरोलायनातून पळून इंग्रजांकडे आली होती, म्हणजे नियमाने स्वतंत्र. जेसी ग्रे नावाच्या गोऱ्याबरोबर ती शेलबर्न परिसरात आली. त्याने तिला आपली गुलाम ठरवलं आणि विकलं. किंमत १०० बुशेल बटाटे. आपल्या हिशोबाने सुमारे २७ क्विंटल. तिची मुलगीही त्याने विकली. मेरी कोर्टात गेली. तिच्या बाजूने सिपिओ आणि डायना वेअरिंग या स्वतंत्र जोडप्याने साक्ष दिली. ती दोघं कोर्टात असताना त्यांचं घर पेटवलं गेलं आणि त्यात त्यांचं एक मूल गेलं. १७९१ मध्ये जेसी ग्रे निर्दोष सुटला.

लिडिया जॅक्सनचं वेगळं. एकटी, उपाशी, म्हणून तिने एका घरात वर्षभर नोकरीचा करार केला. तिला वाचता येत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं ३९ वर्षं. आणि तो करार तिच्यासकट लुनेनबर्गच्या एका डॉक्टरला २० पौंडांना विकला गेला. मारहाण सोसून अखेर ती तिथूनही पळाली. आपल्याकडच्या वेठबिगारीच्या आणि सावकारी कागदांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना यातला डाव ओळखीचा वाटेल : न वाचता येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा, आणि मग कागद बोलतो.

या सगळ्याला कंटाळून टॉमस पीटर्स नावाचा माणूस उठला. इंग्रजी सैन्याच्या ‘ब्लॅक पायोनिअर्स’ तुकडीत तो सार्जंट होता. सहा वर्षं जमिनीसाठी अर्ज करून थकल्यावर १७९० मध्ये तो तक्रारअर्ज घेऊन थेट लंडनला गेला. समुद्रात कोणीही पकडून पुन्हा विकलं असतं, तरी गेला. तिथे त्याची गाठ गुलामगिरीविरोधी मंडळींशी पडली. ती मंडळी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओनमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वसाहत उभी करू बघत होती. पीटर्सने जमीन मागितली होती. उत्तर मिळालं, चला आफ्रिकेला. सरकारने प्रवासखर्च दिला, आणि जॉन क्लार्कसन नावाचा तरुण नौदल अधिकारी लोक जमवायला हॅलिफॅक्सला आला.

२६ ऑक्टोबर १७९१ रोजी बर्चटाऊनला, विल्किन्सन यांच्या चर्चमध्ये क्लार्कसनने सांगितलं : पुरुषाला २० एकर, बायकोला १०, प्रत्येक मुलाला ५, आणि जमिनीवर वार्षिक सारा नाही. हे शेवटचं वचन लक्षात ठेवा. लोकांची रीघ लागली. पण कर्ज असेल त्याला जाता येत नव्हतं, करारात अडकलेल्याला जाता येत नव्हतं, गुलामाला तर प्रश्नच नाही. क्लार्कसनने रोजनिशीत एका गुलाम माणसाबद्दल लिहिलंय. त्याची बायको-मुलं स्वतंत्र होती. तो रडत आला आणि म्हणाला, मला हे मरणासारखंच आहे, पण यांना घेऊन जा, यांचं बरं होईल.

१५ जानेवारी १७९२ रोजी १५ जहाजं हॅलिफॅक्सहून निघाली, जवळपास १,२०० माणसं घेऊन. वाटेत साठेक दगावली. मार्चमध्ये, तिकडे श्रीरंगपट्टणला तह होत होता त्याच महिन्यात, ती आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली आणि फ्रीटाऊन शहराची पायाभरणी झाली. त्यांत कितीतरी जण लहानपणी याच खंडातून साखळीत बांधून नेलेले होते. हॅरी वॉशिंग्टन बर्चटाऊनमधलं घर आणि ४० एकर मागे टाकून गेला. ज्यांना जमीन मिळाली तेही तिथे थांबायला तयार नव्हते, हे मला या हकिगतीतलं सर्वांत बोलकं वाटतं.

पुढे ती वसाहत चालवणाऱ्या सिएरा लिओन कंपनीने सारा नसल्याचं ते वचन मोडलं. १८०० मध्ये वसाहतकारांनी उठाव केला, तो चिरडला गेला, आणि शिक्षा झालेल्यांत हॅरी वॉशिंग्टनही होता. त्याला हद्दपार केलं. एका वॉशिंग्टनने करांवरून राजाशी युद्ध केलं आणि राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या गोठ्या-तबेल्यांत राबलेल्या दुसऱ्याने तेच केलं तेव्हा तो गुन्हेगार ठरला. उठाव मोडायला इंग्रजांनी वापरले ते जमैकाचे मरून, तेही नोव्हा स्कोशियाहूनच आलेले. मरून म्हणजे मळ्यांवरून पळून डोंगरात स्वतंत्र राहणारे लढवय्ये. जमैकात उठाव केल्यावर १७९६ मध्ये त्यांच्यातल्या साडेपाचशे जणांना हॅलिफॅक्सला धाडलं. त्यांनी तिथल्या टेकडीवरच्या किल्ल्याच्या बांधकामावर काम केलं, प्रेस्टनला काही हिवाळे काढले, आणि १८०० मध्ये तेही आफ्रिकेला गेले.

मागे राहिलेले, आणि नव्याने आलेले

१७९२ च्या त्या प्रस्थानाने नोव्हा स्कोशियातल्या वस्त्यांचा कणा मोडला. स्वतंत्र कृष्णवर्णीयांपैकी तिसरा हिस्सा गेला. गेले ते धर्मोपदेशक, मास्तर, पुढारी. राहिले ते कर्जात, करारात, नाहीतर ब्लकसारखे जाण्याच्या विरोधात असलेले.

मग १८१२ चं युद्ध लागलं, पुन्हा इंग्लंड आणि अमेरिका. पुन्हा तीच युक्ती : २ एप्रिल १८१४ रोजी ॲडमिरल कोक्रेनने जाहीर केलं की जे येतील त्यांना सैन्यात जागा, नाही तर इंग्रजी मुलखात स्वतंत्र वसाहतकार म्हणून जागा. चेसापीक उपसागराच्या काठावरच्या मळ्यांवरून निघालेले सुमारे २,००० जण नोव्हा स्कोशियात आले. त्यांना हॅलिफॅक्सभोवतालच्या प्रेस्टन, हॅमंड्स प्लेन्स अशा ठिकाणी वसवलं. तुकडे बहुधा दहा एकरांचे. लगेच १८१६ साल आलं. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने उत्तर अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. नवख्या शेतकऱ्यांचं पहिलंच पीक थंडीत गेलं. मग अधिकारी म्हणू लागले की या लोकांना शेती जमत नाही.

पण मुख्य गोष्ट अशी की या नव्या लोकांना जमिनीचा मालकी हक्क दिलाच नाही. दिला तो ‘लायसन्स ऑफ ऑक्युपेशन’, आपल्या भाषेत वहिवाटीचा परवाना. राहा, कसा, पण विकता येणार नाही, कायद्याने वारसाला देता येणार नाही. पोट भरत नसलं तरी सोडून जाता येईना, कारण सोडलं तर हाती काहीच नाही. १८२१ मध्ये सरकारने त्रिनिदादला जायला जहाज दिलं तेव्हा फक्त ९५ जण गेले. तिथे अजून गुलामगिरी होती, लोकांचा विश्वास बसेना.

म्हणून जे राहिले ते टिकले कसे? शेतीवर नाही. प्रेस्टन आणि हॅमंड्स प्लेन्सच्या बाया शनिवारी हॅलिफॅक्सच्या बाजारात टोपल्या, झाडू, रानातली बोरं, फुलं विकायला बसायच्या. पुरुष लाकूडतोड, बंदरावर हमाली, गवंडीकाम करायचे. आणि चर्च. व्हर्जिनियातून आलेले रिचर्ड प्रेस्टन १८३२ मध्ये लंडनला दीक्षा घेऊन परतले आणि हॅलिफॅक्सला स्वतंत्र बाप्टिस्ट चर्च उभं राहिलं. १८५४ मध्ये गावोगावच्या चर्चची संघटना झाली. शाळा, पंचायत, अडीअडचणीचा निधी, सगळं त्या भिंतींच्या आत चालायचं. सरकारने जे दिलं नाही ते लोकांनी तिथे उभं केलं.

आफ्रिकव्हिल याच चिवटपणातून वसलं. हॅलिफॅक्सच्या उत्तर टोकाला, बेडफर्ड बेसिन नावाच्या खाडीच्या काठी, १८४८ मध्ये कृष्णवर्णीयांनी पैसे मोजून जमीन विकत घेतली. यांच्यातल्या निदान काहींकडे खरेदीखत होतं. १८४९ मध्ये चर्च झालं. मग शहर काय काय पाठवत गेलं ते बघा : वस्तीतून रेल्वेचे रूळ, शेजारी तुरुंग, साथीच्या रोगांचं इस्पितळ, आणि १९५० च्या दशकात शहराचा उकिरडा. लोक कर भरत होते, पण नळ नाही, गटार नाही. विहिरीवर पालिकेची पाटी : पाणी उकळून प्या. आणि मग त्याच पालिकेने म्हटलं की ही वस्ती गलिच्छ आहे, हलवायला हवी. १९६४ ते १९७० दरम्यान ८० कुटुंबांचं, सुमारे ४०० माणसांचं गाव पाडलं. चर्च १९६७ च्या नोव्हेंबरात रात्रीच्या अंधारात पाडलं. काहींचं घरसामान कचऱ्याच्या गाडीतून नेलं. ज्यांच्याकडे कायदेशीर कागद नव्हता त्यांच्या हातावर ५०० डॉलर ठेवले. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घराची ही किंमत, कारण कागद नाही. २४ फेब्रुवारी २०१० रोजी हॅलिफॅक्सच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली, आणि चर्चची प्रतिकृती त्या जागी पुन्हा बांधली गेली.

बर्चटाऊनला आज वारसा केंद्र आहे. २००६ मध्ये तिथल्या संस्थेचं कार्यालय कोणीतरी जाळलं होतं. त्यानंतर २०१५ मध्ये नवी इमारत उघडली. त्या जुन्या खड्डाघराची हुबेहूब बांधणी तिथे बघायला मिळते.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते प्रेस्टनमध्ये जे चाललंय ते. १८१५ च्या सुमाराला परवान्यावर दिलेल्या जमिनींवर त्या लोकांचे वंशज अजून राहतात. घर आहे, मालकीचा कागद नाही. कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, घरदुरुस्तीची सरकारी मदत मिळत नाही, मृत्यूनंतर वारसांची नावं लागत नाहीत, आणि चार-पाच पिढ्यांनंतर हिस्सेदार इतके की कोणी मोजायलाही बसत नाही. १९६३ मध्ये प्रांताने यासाठी खास कायदा केला, पण अर्ज, मोजणी आणि वकील यांचा खर्च अर्जदाराच्याच माथी राहिला आणि काम रेंगाळलं. २०१७ मध्ये नॉर्थ प्रेस्टन, ईस्ट प्रेस्टन, चेरी ब्रूक, लिंकनव्हिल आणि सनीव्हिल या वस्त्यांसाठी सरकारने मोजणीचा आणि वकिलाचा खर्च उचलायला सुरुवात केली. तरीही एका अर्जदाराला खात्याने सांगितलं की सलग २० वर्षं इतरांच्या हक्काविरुद्ध ताबा असल्याचं सिद्ध करा. तो कोर्टात गेला. २०२० मध्ये नोव्हा स्कोशियाच्या सुप्रीम कोर्टाने ती अट अवाजवी ठरवली : ज्यांना कागद द्यायचाच राहिला म्हणून कायदा केला, त्यांच्याकडे परक्याच्या जमिनीवर ताबा सांगणाऱ्याचा पुरावा मागता येणार नाही.

त्यानंतर मोजणीदार त्या वस्त्यांतून फिरताहेत, दोनशे वर्षांपूर्वीच्या परवान्यांवरच्या हद्दी आजच्या कुंपणांशी जुळवून बघताहेत, आणि एकेका घराचा कागद तयार होतो आहे.